काळ्या टेबलावरचे रस्ते

तळोद्याजवळच्या एका गावात माझे एक शिक्षक मित्र आहेत. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात त्यांचा फोन आला. त्यांच्या शाळेच्या आवारातच अंगणवाडी भरते. तिच्यासाठी गावातल्या सुताराने जुन्या लाकडातून एक बुटके टेबल करून दिले होते. लांबी तीन फूट, रुंदी दोन फूट, उंची पाच वर्षांच्या मुलाच्या कमरेइतकी. वरच्या बाजूला फळ्याचा काळा रंग दिलेला. त्याच सुमारास कोणीतरी खेळण्यातल्या दहा-बारा छोट्या मोटारी शाळेला भेट दिल्या होत्या. गुरुजींचे म्हणणे असे होते की, टेबल नुसते काळे बरे दिसत नाही. त्यावर ऑइल पेंटने रस्ते, चौक, पूल, पेट्रोल पंप, कडेने झाडे असे रंगवून घ्यावे, म्हणजे मुले त्यावर मोटारी चालवतील. ‘तुम्ही संशोधक माणूस. मापे नीट काढून द्या,’ ते म्हणाले.

मी मापे काढून दिली. कागदावर आराखडाही पाठवला. पण काम झाल्यावर मनात एक शंका राहिली. फळा हा मुळात पुसण्यासाठी असतो. त्यावर न पुसणारे चित्र काढले, तर तो फळा उरतो का? या शंकेपायी काही जुनी पुस्तके चाळली. त्यातून जे हाती लागले ते शिक्षक मित्रांपुढे ठेवावे म्हणून हा लेख. त्या टेबलाचे पुढे काय झाले तेही सांगतो, पण शेवटी.

फळ्याचा इतिहास सांगताना परदेशी पुस्तके बहुधा १८०१ सालापासून सुरुवात करतात. त्या वर्षी अमेरिकेतील वेस्ट पॉइंट येथे जॉर्ज बॅरन नावाच्या गणिताच्या शिक्षकाने वर्गासमोरचा मोठा फळा वापरला. भिंतीवरच्या मोठ्या फळ्यापुरते हे ठीक आहे. परंतु लिहावे, पुसावे आणि पुन्हा लिहावे असा पृष्ठभाग त्याच्या कितीतरी आधीचा आहे, आणि तो आपल्या ओळखीचा आहे. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची आणि बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचे, ही आपली धूळपाटी. ‘धुळाक्षरे गिरवणे’ हा शब्दप्रयोग आपण अजूनही करतो, धूळ मात्र विसरलो आहोत.

भारतीय गणितात या धुळीला मोठा मान होता. अंकगणिताला पाटीगणित म्हणत, म्हणजे पाटीवर करायचे गणित. त्यालाच धूलिकर्म असेही नाव होते. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ (११५०) ही याच परंपरेतली. जुन्या खानदेशातल्या वाचकांना हे सांगायला हवे, कारण भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याची नोंद असलेला शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणचा आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. तळोदा आणि पाटण या दोन्ही जागा एकेकाळी एकाच खानदेश जिल्ह्यात मोडत होत्या. तळोदा तालुका १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होता, त्या दिवशी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला.

धुळीवर गणित करण्याची रीत आपल्या आजच्या रीतीपेक्षा वेगळी होती. गुणाकार करताना मधले आकडे पुसून त्यांच्या जागी नवे लिहायचे, गुणकाची जागा एकेक घर सरकवायची, आणि शेवटी पाटीवर फक्त उत्तर शिल्लक राहायचे. म्हणजे पृष्ठभाग पुसता येतो या गुणधर्मावरच गणिताची पद्धत बेतलेली होती. ही पद्धत अरबी देशांत गेली तेव्हा तिकडेही तिला ‘धुळीचे गणित’ असेच म्हणू लागले. इ. स. ९५२ च्या सुमारास दमास्कसमध्ये अल् उक्लिदिसी या गणितज्ञाने भारतीय अंकगणितावर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने धूळपाटी बाजूला ठेवून शाई आणि कागदावर करता येतील अशा रीती दिल्या. त्याचे एक कारण मोठे गमतीचे आहे. रस्त्यावर बसून भविष्य सांगणारे लोक धूळपाटी वापरत, त्यामुळे सभ्य माणसाला ती हातात धरायची लाज वाटे! दुसरे कारण महत्त्वाचे. कागदावर मधल्या पायऱ्या शिल्लक राहतात, चूक कुठे झाली ते शोधता येते. धुळीवर चूकही पुसली जाते.

फळा की वही या वादात ही जुनी तुलना मला फार उपयोगी वाटते. जिथे मागचे तपासायचे आहे तिथे न पुसले जाणारे साधन हवे. जिथे नवे करून पाहायचे आहे, चुकण्याची भीती वाटू द्यायची नाही, तिथे पुसले जाणारे हवे. खेळ कोणत्या बाजूला येतो हे वेगळे सांगायला नको.

अकराव्या शतकात अल् बेरुनीने भारतातल्या शाळांची जी नोंद करून ठेवली आहे, तीत मुले काळ्या पाट्यांवर पांढऱ्या पदार्थाने लिहितात असे म्हटले आहे. पाटीच्या लांबीच्या दिशेने, डावीकडून उजवीकडे लिहितात, असा तपशीलही तो देतो. उजवीकडून डावीकडे लिहिणाऱ्याच्या नजरेत तो भरला असणार. म्हणजे काळ्यावर पांढरे ही जोडी आपल्याकडे किमान हजार वर्षांची आहे. पुढे १६२३ मध्ये पिएत्रो देला व्हाले हा इटालियन प्रवासी कानडी मुलखातून जात असताना एका देवळाच्या पडवीत त्याला चार मुले अंकगणित शिकताना दिसली. जमिनीवर बारीक वाळू पसरलेली, मुले धडा तालात म्हणत होती आणि म्हणता म्हणता बोटाने वाळूत लिहीत होती. वाळू भरली की हात फिरवून नवी वाळू पसरायची. शिक्षक जवळ नव्हता, मुले एकमेकांना सुधारत होती. देला व्हालेला ही पद्धत फार आवडली.

मद्रासजवळ एग्मोर येथे अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख असलेल्या अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्यानेही १७८९ नंतर असेच काही पाहिले. मलबारी मुले वाळूत अक्षरे काढतात हे बघून त्याने आपल्या शाळेत वाळू आणली आणि मोठ्या मुलांनी धाकट्यांना शिकवावे अशी व्यवस्था केली. १७९७ मध्ये त्याने लंडनला याविषयी पुस्तिका छापली. जोसेफ लँकेस्टर यानेही गरीब मुलांच्या शाळांत वाळूचे टेबल आणि दगडी पाट्या वापरल्या. वाळूच्या त्या टेबलाकडे आपण जरा थांबून पाहू. कडेने पट्टी असलेले लांबट टेबल, त्यावर वाळू, आणि त्याभोवती सर्वांत लहान वर्गाची मुले. अंगणवाडीतल्या आपल्या काळ्या टेबलाचे हे खापरपणजोबा म्हणायला हरकत नाही.

पाटी आली आणि वाळू मागे पडली. पाटी म्हणजे स्लेट हा खडक. मातीचे थर दाबले जाऊन तो बनतो आणि त्याचे पातळ सपाट पापुद्रे सहज सुटतात. आपल्या देशात आंध्र प्रदेशातील मार्कापूर हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. पाटीवरच्या पेन्सिली मात्र सातपुड्याच्या उत्तरेला, मध्य प्रदेशातल्या मंदसौर भागात बनत. दगड कापताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात जाऊन तिथल्या कामगारांना सिलिकोसिस हा असाध्य रोग झाला. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी त्याचा अभ्यास करून तो १९८० च्या दशकात प्रसिद्ध केला. आपण ज्या पेन्सिलीने ‘अ’ गिरवला तिची ही किंमत कोणीतरी दिली होती, एवढे सांगून पुढे जातो.

आता फळ्याकडे. एडिंबरोच्या हायस्कूलचे १८१० ते १८२० या काळातले मुख्याध्यापक जेम्स पिलान्स यांचे नाव फळ्याच्या इतिहासात नेहमी येते. ते भूगोल शिकवत आणि रंगीत खडूंनी फळ्यावर नकाशे काढत. यात एक गोष्ट सहज निसटते. छापील नकाशे त्या काळी काही दुर्मीळ नव्हते. मग फळ्यावर काढायचे कशाला? छापील नकाशा आधीच पूर्ण असतो. फळ्यावरचा नकाशा मुलांच्या डोळ्यांदेखत घडतो. आधी डोंगर, मग त्यातून निघणारी नदी, मग नदीकाठचे गाव, मग दोन गावांना जोडणारा रस्ता. गाव त्याच जागी का आले याचे उत्तर त्या क्रमात दडलेले असते. आपल्यापैकी ज्यांना फळ्यावर झरझर नकाशा काढणारे गुरुजी लाभले, त्यांना वेगळे समजावून सांगायला नको.

परंतु या साऱ्या काळात एक बदल हळूच झाला होता. वाळूत मूल लिहीत होते. पाटी मुलाच्या मांडीवर होती. फळा भिंतीवर गेला, मोठ्या माणसाच्या उंचीला गेला, आणि खडू शिक्षकाच्या हातात गेला. मुलाला फळ्यावर बोलावणे हा बक्षिसाचा किंवा शिक्षेचा भाग झाला. १९८७ साली सुरू झालेल्या ऑपरेशन ब्लॅकबोर्डमध्ये, म्हणजे आपल्या खडू-फळा योजनेत, प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि फळा मिळावा असा प्रयत्न होता. त्याच्या साहित्याच्या यादीत खेळणीही होती. किती शाळांत ती खेळणी कपाटाबाहेर आली, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

फळा पुन्हा मुलाच्या उंचीवर आणण्याचे काम बालशिक्षणाच्या मंडळींनी केले. जर्मनीत फ्रीड्रिख फ्रोबेलने १८४० मध्ये ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. पुढे त्याच्या पद्धतीच्या बालवाड्यांतून मुलांच्या टेबलांवर एकेक इंचाच्या चौकोनांची जाळी आखलेली असे. मुले ठोकळे, काड्या, रंगीत कागद त्या जाळीवर मांडत. टेबल सजवण्याचा हा जुना आणि विचारपूर्वक केलेला नमुना आहे. चित्र नाही, फक्त जाळी. घर कुठे आणि झाड कुठे हे मूल ठरवी, जाळी फक्त मापाची सवय लावी. रोममध्ये १९०७ साली बालगृह सुरू करणाऱ्या मारिया माँटेसोरी यांनी फळे भिंतीवर अगदी खाली लावले, जेणेकरून तीन-चार वर्षांच्या मुलाचा हात पोहोचावा. सोबत खडूची पेटी आणि पुसायला फडके. १९३९ मध्ये त्या भारतात आल्या आणि युद्धाची वर्षे त्यांनी इथेच काढली.

त्याआधीच भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते आणि ताराबाई मोडक त्यांच्यासोबत काम करू लागल्या होत्या. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत गेले. माँटेसोरीची परदेशी साधने तिथे परवडणारी नव्हती आणि मुलांना परकीही होती. म्हणून बिया, शंख-शिंपले, खडे, पाने ही साधने झाली. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच मुलांच्या अंगणात न्यावी, या विचारातून त्यांची अंगणवाडी आली. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि आज तिची केंद्रे देशभर याच नावाने ओळखली जातात. वारल्यांच्या घरी गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाची पांढरी चित्रे असतात. काळपट पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषा काढणे त्या मुलांना शिकवावे लागत नव्हते.

आता मोटारींकडे वळू. चाकांचे खेळणे ही आधुनिक गोष्ट नाही. सिंधू संस्कृतीच्या ठिकाणी भाजक्या मातीच्या खेळण्यातल्या गाड्या आणि त्यांची चाके पुष्कळ सापडतात. संस्कृतातल्या एका थोर नाटकाचे नावच मुळी मुलाच्या मातीच्या गाडीवरून पडले आहे, ‘मृच्छकटिक’. महाराष्ट्रात प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे खोड खणताना चार धातूच्या वस्तू मिळाल्या. त्यात दोन बैल जोडलेला आणि सारथी उभा असलेला रथ आहे. चौघांचे मिळून वजन ६० किलोच्या वर, त्यामुळे ती मुलांची खेळणी नसावीत हे उघड आहे. त्यांच्या काळाविषयी तज्ज्ञांत मतभेदही आहेत. आपल्या हातातली छोटी मोटार मात्र विसाव्या शतकातली. इंग्लंडमध्ये १९५३ पासून ‘मॅचबॉक्स’ नावाने विकल्या गेलेल्या गाड्यांची हकीकत अशी सांगतात की, कारखान्यातल्या एका भागीदाराच्या मुलीला शाळेत काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे नेण्याची परवानगी होती.

पण मोटारींपेक्षा त्याखालची जमीन आपल्या विषयाशी अधिक जवळची आहे, आणि त्यावर लिहिणारा माणूस विज्ञानाचा निघाला याचा मला आनंद झाला. एच. जी. वेल्स हे नाव विज्ञानकथांमुळे सर्वांना माहीत आहे. ते लंडनला टी. एच. हक्सले यांचे विद्यार्थी होते आणि काही काळ शाळेत विज्ञानाचे शिक्षकही होते. १९११ साली त्यांनी ‘फ्लोअर गेम्स’ हे छोटे पुस्तक लिहिले. आपल्या दोन मुलांबरोबर जमिनीवर बेटे, शहरे आणि आगगाड्या मांडून ते कसे खेळत, याचे ते वर्णन आहे. पुस्तकाच्या सुरुवातीलाच ते जमिनीची अट घालतात. जमीन सपाट हवी, म्हणजे खेळण्यातली माणसे उभी राहतील. ती खडूची रेघ उमटेल आणि दिसेल अशी हवी. आणि तिच्यावर कसलीही नक्षी नको, साधा एकरंगी गालिचा सर्वांत चांगला. ज्या माणसाने मंगळावरून आलेले प्राणी कल्पिले त्याला खेळाच्या जमिनीवर चित्र नको होते.

हे पुस्तक तरुणपणी आवडलेल्या मार्गारेट लोवेनफेल्ड या पुढे डॉक्टर झाल्या. लंडनमध्ये १९२८ साली त्यांनी मुलांसाठी दवाखाना काढला. बोलता न येणारे दुःख मुलांनी खेळातून दाखवावे म्हणून त्यांनी घरे, प्राणी, गाड्या आणि सोबत एक ट्रे ठेवला. ट्रेमध्ये वाळू होती.

फिरून आपण वाळूपाशी आलो. हा योगायोग नाही असे मला वाटते. हात फिरवला की मोकळी होणारी जागा मुलाला हवी असते, मग ती धूळ असो, पाटी असो की काळे टेबल.

आपल्या शाळांत गेल्या काही वर्षांत भिंती रंगवण्याची मोठी लाट आली. ‘बोलक्या भिंती’ हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे. त्यामागे एक चांगली कल्पना होती. वास्तुविशारद कबीर वाजपेयी यांनी शाळेची इमारत हेच शिकण्याचे साधन व्हावे, असा विचार मांडला. दार उघडते तिथे जमिनीवर कोन आखावेत, जिन्यावर अंक यावेत, आणि मुलांच्या उंचीला लांबच लांब काळा पट्टा असावा, हे त्यातलेच. यातले कोन आणि अंक रंगवणे सोपे, ते पुष्कळ ठिकाणी झाले. काळा पट्टाही रंगवला गेला, पण अनेक शाळांत मी पाहिले की त्या पट्ट्यावर ऑइल पेंटने बाराखडी लिहून टाकली आहे! भिंत बोलू लागली हे खरे, पण ती एकटीच बोलते आहे. मुलाला बोलायला जागा ठेवलेली नाही.

मी पाठवलेल्या आराखड्यातही हाच दोष होता. शिवाय त्यात मापाची एक गंमत होती, ती वर्गात करून पाहण्यासारखी आहे म्हणून सांगतो. खेळण्यातली मोटार साधारण ७ सेंटिमीटर लांब असते. खरी मोटार साडेचार मीटर धरली तर प्रमाण सुमारे १:६४ येते. या प्रमाणात साडेतीन मीटरची एक मार्गिका साडेपाच सेंटिमीटर होते आणि दुपदरी रस्ता ११ सेंटिमीटर. टेबल ९० बाय ६० सेंटिमीटर, म्हणजे प्रत्यक्षातली जागा सुमारे ५८ मीटर बाय ३८ मीटर. शाळेचे एक मैदान! एवढ्यात एक चौक आणि एक पेट्रोल पंप मावतो, बस्स. याउलट पंचवीस किलोमीटरचा रस्ता त्याच ९० सेंटिमीटरमध्ये बसवायचा तर एक सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ २८० मीटर. त्या प्रमाणात चार मीटरची मोटार दीड दशांश मिलिमीटरहूनही थोडी लहान, दोन कागद एकावर एक ठेवले तर त्यांच्या जाडीपेक्षाही कमी. मी प्रामाणिकपणे पहिले प्रमाण धरले आणि चौक काढून दिला. मुले कोणते धरतील याचा विचार केला नाही.

खडूविषयीही दोन शब्द. आपला नेहमीचा खडू हा बहुधा खडू नावाचा खडक नसतो. खडक कॅल्शियम कार्बोनेटचा, समुद्रातल्या अतिसूक्ष्म शैवालांच्या कवचांचा बनलेला. शाळेतला खडू साधारणपणे जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा. जिप्सम भाजून केलेले प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात कालवून साच्यात ओततात, ते पाणी धरून पुन्हा घट्ट होते. लिंबाचा रस टाकून पाहा. बुडबुडे आले तर कार्बोनेट, नाही आले तर जिप्सम. आडव्या टेबलावर एक गोष्ट भिंतीवरच्या फळ्यापेक्षा वेगळी घडते. भिंतीवरची पूड खाली पडते, टेबलावरची तिथेच राहते. मोटारीची चाके ती उचलतात आणि पुढे ठसे सोडतात. चाकाच्या एकाच जागी ओल्या खडूचा ठिपका लावून गाडी सरळ ढकलली की ठिपके समान अंतरावर उमटतात. चाकाचा व्यास एक सेंटिमीटर असेल तर ठिपक्यांमधल्या दहा अंतरांची बेरीज सुमारे ३१ सेंटिमीटर भरेल. पाय या संख्येची याहून स्वस्त ओळख मला तरी माहीत नाही. रंगाबद्दल मात्र जपावे. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांहून अधिक नसावे असा नियम २०१६ साली झाला, तेव्हा डब्यावरची खूण पाहूनच लहान मुलांच्या टेबलासाठी रंग घ्यावा. जुन्या डब्यातला उरलेला रंग वापरू नये.

आता तळोद्याचे टेबल. दिवाळीच्या सुट्टीच्या आधी मी तिकडे जाऊन आलो. गुरुजींनी मला आधी सांगितले नव्हते, पण रंगारी अर्धेच काम करून गेला होता आणि पावसाळ्यात परत आला नव्हता. त्यामुळे टेबलाच्या एका अर्ध्या भागावर माझा चौक होता, पांढरे पट्टे, हिरवी झाडे, सगळे मापात. दुसरा अर्धा भाग काळाच राहिला होता. एखाद्या संशोधकाने मुद्दाम मांडावा तसा प्रयोग आपोआप घडला होता. अर्थात एक टेबल आणि दहा-बारा मुले यांवरून सिद्ध काहीच होत नाही. तरी जे पाहिले ते लिहितो.

मुले काळ्या बाजूला दाटीवाटीने उभी होती. खडूचे रस्ते वेडेवाकडे होते. एक जाड रेघ म्हणजे बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता, तिच्या एका टोकाला प्रकाशे आणि दुसऱ्या टोकाला अक्कलकुवा. तापी निळ्या खडूची होती आणि टेबलाच्या कडेने वाहत होती. एक नागमोडी रेघ वर जात होती, ती चांदसैलीच्या घाटाची, धडगावकडे. वाटेतल्या घरांपेक्षा गाडी मोठी आणि नदीपेक्षा रुंद, पण त्याची कोणालाच अडचण नव्हती. माझी दोन्ही प्रमाणे त्यांनी एकाच टेबलावर वापरली होती.

एका मुलाने जीप घाटात अर्ध्यावर नेली, थांबवली, आणि पुढचा रस्ता तळहाताने पुसून टाकला. काहीतरी म्हणाला. त्याची बोली मला कळली नाही, अंगणवाडीच्या ताईंनी सांगितले, ‘दरड पडली म्हणतोय.’ पावसाळ्यात त्या घाटात दरडी कोसळतात आणि वाट बंद होते, हे त्याला कोणी शिकवलेले नव्हते. त्याच्या घरची माणसे त्याच वाटेने ये-जा करत होती. जीप तशीच उभी राहिली. मग एका मुलीने खडू घेतला आणि दरडीला वळसा घालून नवी रेघ काढायला सुरुवात केली. ती रेघ डोंगरातून जात होती. ‘अशी कशी जाईल, चढ आहे तिथे,’ असे दुसऱ्या मुलाचे म्हणणे पडले, आणि त्यांचे भांडण बराच वेळ चालले. आधी ती रेघ पुसली गेली, मग दुसरी काढली, तीही पुसली. शेवटी एका ट्रकला जेसीबी ठरवून दरड उपसण्यात आली, म्हणजे पुसलेली रेघ पुन्हा काढली गेली.

रंगवलेल्या बाजूला सहा-सात गाड्या ओळीने उभ्या होत्या. कोणी त्या चालवत नव्हते.

निघताना मी गुरुजींना म्हटले की, चूक माझी आहे, हा भाग घासून पुन्हा काळा करून घेऊ, रंगाचा खर्च मी देतो. त्यांनाही पटले. पण ताई म्हणाल्या, मुलांना विचारू या. मुलांना विचारले तर त्यांनी साफ नकार दिला. तो त्यांचा एस.टी. डेपो होता. काळ्या बाजूचे रस्ते रोज संध्याकाळी पुसले जातात, तेव्हा गाड्यांना रात्री उभे राहायला एक न पुसणारी जागा हवी, असे त्यांचे म्हणणे होते.